टिप्याचे गुडघे

कुत्र्यांच्या सांधेदुखीच्या अभ्यासासाठी जामखेडहून जनावरांचे डॉक्टर घरी आले आणि गोरक्षनाथ आपल्या कुत्र्याचं दुखणं तोंडपाठ सांगू लागला. "पायरी चढताना थबकतोय, उठताना कण्हतोय, थंडीत तर लई हाल व्हत्यात टिप्याचं."

डॉक्टर लिहून घेत म्हणाले, "हा अभ्यास माणसांच्याही कामी येणार आहे. घरात कुणाचे गुडघे दुखतात का? त्यांनाही नगरला तपासून घेऊ."

चहा घेऊन आलेली बायडाबाई एका हाताने भिंत धरून उंबऱ्यातच थांबली. चार वर्षं तीही त्याच पायरीवर थबकत, कण्हत होती. नवऱ्याची नजर एवढी बारीक असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आता आपलंच नाव निघणार म्हणून तिनं पदर सावरला.

"न्हाई साहेब," गोरक्षनाथ म्हणाला, "आमी समदे धडधाकट हाय. टिप्याचं तेवढं बघा."