वाट पाहणारा सर्व्हर

रक्तपेढीचा सर्व्हर सुरू होता होता पुन्हा त्याच ओळीवर अडकला: डिस्कची वाट पाहत आहे. सुनेत्राने तो चौथ्यांदा बंद करून चालू केला. डिस्क तर आत ठणठणीत होती, मग हा मेला वाट बघतोय कुणाची? दारात एका बाळंतिणीचा नवरा रक्तासाठी ताटकळला होता आणि कोणती पिशवी तपासून झाली, हे फक्त सर्व्हरला ठाऊक होतं.

“काका, सकाळी इथलं काही हलवलंत?” तिने शिपाई भिकाजीकाकांना विचारलं.

“छे हो! आज खंडेनवमी, म्हणून हत्यारं तेवढी पुसून पूजेला मांडली.”

ती कोपऱ्यातल्या पाटाकडे वळली. कात्र्या, चिमटे आणि मधोमध हळदकुंकू लावून झेंडू वाहिलेली एक काळी डबी. सर्व्हरच्या मागे जोडलेली असायची ती दुसरी डिस्क!

“काका, ही कशाला काढलीत?”

“मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळ्या पेशंटांचा जीव ह्या डबीत आहे म्हणून?”

तिने डबी उचलली. कुंकू न पुसताच वायर जोडली. ओळी भराभर सरकू लागल्या.

“पावली!” म्हणत काका दाराकडे धावले.