भिंतीवर ठोकलेलं दार

लेक गेली, तर तिच्या कॉलेजच्या पोरांनी मिळून दुःखावर नाटक लिहिलं. बघणाऱ्यांनीच त्यात शिरायचं, आणि भरीव भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेल्या दारापाशी उभं राहून आपल्या गेलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायचा.

"उत्तर येत नाही काकू, तेच नाटक," पोरं म्हणाली.

"त्यासाठी इथवर कशाला यायचं? घरी रोज तेच बघते," आई फणकारली. तरी तिने दाराला कान लावलाच. सगळी पोरं तिच्या मागेच उभी होती.

"बयो, सुखात आहेस ना गं?"

कडी हलली.

"आई, हळू बोल." आवाज लेकीचाच होता. "तुझं ऐकून इथले सगळे उठलेत. प्रत्येकाला वाटतंय, आपलीच आई आली."