राणीचा मोतद्दार

दर उन्हाळ्यात ऑर्हूस शहराजवळच्या जंगलात शंभरेक माणसं तीन दिवस राजा-प्रजेची सोंगं घेऊन राहायची. राग्नहिल्ड त्यात राणी असे, आणि घरी आली की राजाचं कौतुक करताना थकत नसे. राजा म्हणजे गावातला दंतवैद्य. यंदा तिच्या नवऱ्याला, आस्गरला, राहवेना. पाळत ठेवायला म्हणून त्यानेही नाव नोंदवलं. नवखा म्हणून त्याला तबेल्यातला मोतद्दार केलं.

"खेळ संपेपर्यंत तू तिचा नवरा नाहीस हं!" आयोजकबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी राणी एकटीच तबेल्यापाशी आली.

"काय रे, या राज्यात राणीचं कुणी ऐकतं का?"

"आम्हाला कोण विचारतं, राणीसाहेब? पण तुम्ही बोललात, तर घोडे उपाशी ठेवून ऐकेन."

ती खळखळून हसली. गवतात बसून तासभर बोलत राहिली. राजाचं बोलावणं आलं, तरी उठली नाही.

खेळ संपला. परतताना गाडीत आस्गरने विचारलं, "पेट्रोल भरायचं का?"

"भर," म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.


घर येईपर्यंत आस्गर त्या मोतद्दारावर जळत होता.