हातमोज्यातला हात

कोचने जुना हातमोजा भिंतरावांच्या खेळसामानाच्या दुकानात काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, यापेक्षा नीट बसणारा द्या, रविवारी संघाची निवड आहे.

"हात कुठाय?" भिंतरावांनी विचारलं.

गोलकीपरला दुकानात यायचं नव्हतं म्हणे. भिंतराव वैतागले. झेल घ्यायचा हातमोजा मालकाशिवाय निवडायचा, म्हणजे शेजाऱ्याच्या नाकावर आपला चष्मा बसवून बघायचा. पण हातमोजा बघून आतल्या हाताची हकिकत सांगणारे गावात ते एकटेच. बर्फावरच्या, चेंडूऐवजी चकतीने खेळायच्या हॉकीत चौदा वर्षं त्यांनी गोल राखला, भिंतराव हे नाव तेव्हाचंच. पुढे डावा हात मिटेनासा झाला आणि भिंत ढासळली. त्यांच्या वडिलांचंही तेच झालं होतं.

तेव्हापासून घरात हॉकीचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा दंडक. लेक रोज संध्याकाळी पोहायला जाते, तेवढं पुरे. हे दुखणं तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी, असं डॉक्टर म्हणाले होते. ती आता एकवीस वर्षांची झाली. हल्ली वेणीसुद्धा आईकडून घालून घेते, लाडोबा कुठली.

त्यांनी उजव्या हाताची बोटं आत घालून अस्तर चाचपलं. मग कोचने फळीवरचे तीन हातमोजे मागितले. एक मोठा, एक लहान, एक मऊ, सहज मिटणारा. भिंतरावांनी तिन्ही परत ठेवले.

"मापात खोट नाही," ते म्हणाले. "हा मोजा अगदी बरोबर बसतोय."

"मग चकती हातातून का सुटते?"

भिंतरावांनी अस्तर उलटं करून दाखवलं. अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झालेली. शेवटच्या दोन बोटांची मात्र कोरी, जशी दुकानातून नेली तशी. बाहेरून तळाशी घासल्याचे पट्टे. हातमोजा मांडीवर दाबून मिटवायचा, तेव्हा पडतात तसे. त्यांच्याही मोज्यावर पडले होते.

"ही दोन बोटं गेली. तिसरं वर्षभरात जाईल. मग पेलाही धरता येणार नाही. यावर औषध नाही, कोच."

कोचने विचारलं, नक्की का? भिंतरावांनी आपला डावा हात काउंटरवर ठेवला. तो तसाच पसरून पडला.

"आमच्याकडे माझ्यावरच थांबलं, देवाची कृपा," ते म्हणाले. "निवडीचं राहू द्या. आधी त्या पोराच्या बापाला सांगा. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नसेल."

कोच बराच वेळ हातमोज्याचा पट्टा लावत आणि सोडत राहिला.

"मोजा तिनंच दिलाय," तो म्हणाला. "म्हणाली, बाबांना नुसता दाखवा. माझा आहे हे आधी सांगू नका, नाहीतर ते खरं बोलणार नाहीत."