दुसरं कडवं

आणखी एक शाल अंगावर पडली आणि सृष्टीचा फेटा घसरून डोळ्यांवर आला. तिनं तो वर ढकलला. समोर सगळं मुठा गाव बसलं होतं. पार मागं, खांबाला टेकून, तिचा बाप विश्राम. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आला होता. पोरगी स्वतः लिहून गाते म्हणजे नेमकं काय करते, ते त्याला आज ऐकायचं होतं.

तिचं हळदीचं गाणं मुळशीतल्या प्रत्येक मांडवात वाजतं. गावच्या जत्रेला मात्र ती फुकट आली होती, एकाच अटीवर. नवं गाणं म्हणणार. गाणं ओढ्याचं होतं. ओढ्याला फार्महाउसच्या भिंती आडव्या आल्या, मेंढरांचं पाणी तुटलं, आणि भिंती घालणारे आता पहिल्या रांगेत बसलेले. जत्रा कमिटीचे अध्यक्ष शेखरदादा तर गाणं न ऐकताच हो म्हणाले होते.

पण आधी सत्कार. सूत्रसंचालक अमोल माइकवरून नावं पुकारत होता. ज्याच्या हस्ते तिचा सत्कार, त्याचा लगेच अध्यक्षांच्या हस्ते. माजी उपसरपंचांचं नाव राहिलं, ते उठून चालले, तर त्यांना मोटारीपासून धरून आणलं आणि नारळ दिला.

“दादा, मी गायला आलीय,” सृष्टी दात आवळून शेखरदादांना म्हणाली.

“गायचंय की. पण भिवाजीतात्या राहिले तर वर्षभर बोलायचे न्हाईत.”

तात्यांचा सत्कार होईस्तोवर जनरेटर खोकायला लागला. डिझेल एका गाण्यापुरतं उरलंय, असं डीजेवाल्यानं सांगितलं. शेखरदादांनी तिला विचारलंसुद्धा नाही. पब्लिकला हळदीचंच पाहिजे म्हणाले.

स्पीकरमधून तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला. हातातला माइक बंद. पोरं नाचायला उठली. सृष्टीनं शाली भिरकावल्या आणि गळ्याच्या शिरा ताणून नवं गाणं धरलं. तिचं तोंड एक म्हणत होतं, स्पीकर भलतंच.

“काय ॲक्शन करतीय बघा,” माजी उपसरपंच कौतुकानं म्हणाले. मागं विश्राम कानाशी हात धरून उभा होता.

हळद अर्ध्यावर आली आणि जनरेटर मेला. अंधार झाला, आणि त्यात तिचा उघडा आवाज खांबापर्यंत गेला.

“पाणी कोंडलं शेखरदादानं, मेंढरं न्यावी कुटं?”

मग अमोलला सवयीनं कंठ फुटला. गाण्यात अध्यक्षांचं नाव घेतल्याबद्दल, तो ओरडला, कमिटीतर्फे सृष्टीताईंचा सत्कार. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडून खाली पडलेलीच शाल उचलली.

पहिल्या रांगेतून भिवाजीतात्या उठले. तोंड फुगलेलं.

“भिंत तर आमचीबी हाय. आमचं नाव का न्हाई?”

सृष्टीनं फेटा काढून बाजूला ठेवला.

“दुसऱ्या कडव्यात हाय, तात्या. बसा.”