जागा अर्धी होत नसते

“अर्धा दिवस, तर फीही अर्धी. सरळ हिशेब आहे की, काकू,” चिऊची आई म्हणाली. तिचा एक पाय चपलेत गेलाही होता. दुपारी एकला तिला नेहमीच पळायची घाई.

“हिशेब सरळ आहे गं, जागाच वाकडी आहे,” काकू म्हणाल्या. “माझ्याकडे चारच मुलं. दोन डोळ्यांत तेवढीच मावतात. चिऊ एकला जाते, पण तिची जागा संध्याकाळपर्यंत रिकामी राहते. ती मी कापून कुणाला देऊ?”

पाळणाघर म्हणजे काकूंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. मालकीण त्याच, आया त्याच, आणि फरशी पुसणाऱ्याही त्याच. सहा महिने चिऊ निम्म्या फीत येत होती, कारण जास्त मागायला काकूंचं तोंड उघडत नव्हतं. मग घरभाडं वाढलं आणि मोठी बहीण फोनवर कडाडली, “भीड ही भिकेची बहीण! निम्म्या दिवसाला पाऊण फी घे, नाहीतर दे नारळ.”

ताईचं काही चुकत नव्हतं. पण चिऊशिवाय त्या खोल्या काकूंना नको होत्या. सगळी मुलं सारखी, असं त्या चारचौघांत म्हणत, आणि साडेतीन वर्षांची ती पोर सकाळी पाच मिनिटं उशिरा आली तरी खिडकी आणि दार यांच्यात येरझाऱ्या घालत.

“पाऊण मला झेपणार नाही,” आई खाली बघत म्हणाली. “महिनाअखेर मी तिला काढते.”

“लगेच काढतेस काय! दुपारचं एखादं मूल मिळालं, तर तू निम्मीच दे. मला जास्तीचं नकोय, जागा भरली म्हणजे झालं.”

चिऊची आई उंबऱ्यावर थबकली. “आणि काकू, चिऊ इथे असते हे बाहेर कुणाला बोलू नका हं. सकाळी मीच तिला सांभाळते असं घरी वाटतं.”

सासरची काहीतरी भानगड असणार, काकूंनी ओळखलं. अशा विनवण्या त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या आणि पोटात ठेवल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी चिठ्ठी लावली. एक बाई आल्या, त्यांना पूर्ण दिवस हवा होता. दुसऱ्यांना फक्त शनिवार. तिसऱ्या म्हणाल्या, आधी आठवडाभर फुकट ठेवून बघा. काकूंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. महिना सरत आला तसा काकूंचा जीव थाऱ्यावर राहीना. भाताला दोनदा मीठ पडलं. एका मुलाचे मोजे दुसऱ्याच्या पायात घरी गेले.

महिना संपायला तीन दिवस असताना एक गृहस्थ आले. एकटेच.

“दीडपासून सहापर्यंत ठेवाल?” त्यांनी विचारलं. “पिल्लूला चौथं लागलंय. एका जागी बसणं ठाऊक नाही, पण गुणी आहे. दुसरीकडे अर्ध्या दिवसाचे पाऊण मागतात.”

“मागणारच. माझ्याकडे निम्मी पडेल. त्या जागेवर सकाळी दुसरं मूल असतं. निम्मी त्यांनी द्यायची, निम्मी तुम्ही.”

“म्हणजे कुणाचं ओझं कुणावर नाही.” ते जरासे हसले. “इतका सरळ न्याय बाहेर कुठे मिळत नाही हो.”

“मग पावती करू?”

“पावती नको, घरी कुणाच्या हाती पडायला नको.” ते घाईने उठले. “दुपारची रजा मिळते का, ते एकदा बघतो. नाही मिळाली तर एक तारखेला येईन. नाही आलो तर सोडून द्या.”

सोडून द्या म्हणे! ते तीन दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. परक्या माणसाला रजा मिळू नये म्हणून त्या अगदी मनापासून प्रार्थना करत होत्या, आणि स्वतःलाच बोल लावत होत्या.

एक तारखेला एकच्या ठोक्याला चिऊची आई आली. काकूंना राहवलं नाही.

“दुपारचं मूल मिळेल असं दिसतंय. दीडला यायचेत. आले तर तुझी निम्मी पक्की.”

आईचे डोळे भरून आले. तिने काकूंचा हात घट्ट धरला. “ज्याचं कुणाचं असेल, त्याचं भलं होवो, काकू.” मग घड्याळ बघितलं, चिऊला उचललं आणि धावतच गेली.

दीड वाजला. पावणेदोन झाले. ताईचा फोन आला तो काकूंनी घेतलाच नाही. आतली तिन्ही मुलं रंगाच्या खडूंवरून भांडत होती आणि काकू दारापाशी उभ्या होत्या. नाही येणार, त्यांनी मनाशी म्हटलं. आता उद्या कोणत्या तोंडाने तिच्याकडे पाऊण मागायची?

तेवढ्यात घंटा वाजली. काकूंनी झटक्यात दार उघडलं. ते गृहस्थ घाम पुसत उशिराबद्दल माफी मागत होते, आणि त्यांचा हात धरून उभी असलेली चिऊ ओठांवर बोट ठेवून काकूंकडे बघत होती.