पलीकडच्या भट्टीवरचं

गेणूने भंगारातले चार लोखंडी तुकडे भट्टीत लालभडक केले आणि चिमट्याने एकेक करून तेलाच्या टाकीत सोडले. भपकन धूर उठला. मालकीण योगिनी मॅडम ओढणी नाकाला लावून शेजारीच उभ्या होत्या. त्या मागे सरकल्या नाहीत. सात महिने त्यांनी या धुराची वाट पाहिली होती.

अंबडच्या त्यांच्या कारखान्यात गाड्यांना लागणाऱ्या पोलादी पिना बनत. थंडीत सकाळच्या पहिल्या लॉटमधल्या निम्म्या पिना तेलात पडताच तडकायच्या. दोन गल्ल्या सोडून असलेल्या कारखान्यात एकही तडकत नव्हती. तिकडे काय नाशिकची थंडी पडत नव्हती? म्हणून गेल्या जूनमध्ये मॅडमनी अठरा वर्षं कामाला असलेल्या गेणूला गेटवर, सगळ्यांदेखत, चोर म्हणून हाकललं. आदल्या दिवशी केबिनमध्ये बसवून, चहा पाजून, हे सगळं खोटं खोटं आहे, तिकडची रीत शिकून परत यायचं, असं त्याला समजावलं होतं. दुसऱ्याने कामावर ठेवायचं तर त्याला दया यायला हवी, आणि दया यायची तर माणसाचा नीट अपमान व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. ते अगदी खरं ठरलं. तिसऱ्याच दिवशी त्या दुसऱ्या कारखान्यातला मनोज मिस्तरी स्वतः येऊन गेणूला घेऊन गेला.

आता गेणू मॅडमना समजावून सांगत होता. आधी असे तापलेले तुकडे टाकून तेल कोमट करायचं, म्हणजे तापलेल्या पिनेला गारठ्याचा धक्का बसत नाही. पिना पूर्ण गारही होऊ द्यायच्या नाहीत, थोड्या ऊन असतानाच दुसऱ्या भट्टीत सरकवायच्या. मनोजने यातलं काही राखून ठेवलं नव्हतं. सांगता सांगता गेणूला त्याची आठवण झाली आणि लाज वाटली. पण आपल्या भट्टीपाशी परत आल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

मग पन्नास पिना तशाच काढल्या आणि एकेक करून फरशीवर टाकून पाहिल्या. तडा गेलेली बद्द वाजते. पन्नासच्या पन्नास खणखणल्या. इंजिनियर वेदिकाने सगळं वहीत उतरवलं, मोबाईलवर शूटिंगही केलं.

गेणूने हात पुसले आणि विचारलं, उद्यापासून पहिली पाळी का दुसरी?

"उद्यापासून यायचं नाही, गेणूकाका," मॅडम म्हणाल्या.

त्याला आधी नीट कळलंच नाही. तिकडचं काम आपण कालच सोडलं, बायको आजारी आहे असं सांगून सोडलं, मनोज तर तिला बघायला रविवारी घरी येणार आहे, असं तो भडाभडा सांगत सुटला. मॅडमनी ऐकून घेतलं.

"त्यांनी सात महिन्यांत शिकवलं ते तुम्ही एका सकाळी इथे आणून दिलंत. उद्या तुम्हाला आणखी कुणी चहा पाजला, तर इथलं तिकडे जायला किती वेळ लागेल?"

"तुमीच तर पाठवलं व्हतं मला, मॅडम."

"हो ना. म्हणूनच मला माहीत आहे."

भट्टीवरच्या चौघा कामगारांनी माना खाली घातल्या. मॅडमचा आवाज चढला नव्हता. त्या ओरडल्या असत्या तर गेणूला बरं वाटलं असतं, कारण त्यांचं ओरडणं खोटं असू शकतं हे त्याला ठाऊक होतं. तो दाराकडे निघाला.

वेदिका वही चाळत होती. एका ओळीपाशी ती अडली आणि लगबगीने त्याच्या मागे गेली.

"काका, एक राहिलं. तेल पुरेसं कोमट झालं हे ओळखायचं कसं? तिकडे त्यांनी थर्मामीटर लावलाय का?"

गेणू थांबला. सांगू नये असं त्याला वाटलं. खरंच वाटलं.

"नाय," तो म्हणाला. "टाकीला भायेरून तळहात लावायचा. धा आकडे मोजस्तोवर ठेवता आला पायजे. अकरावा नको."

वेदिकाने परत जाऊन टाकीला हात लावला आणि पाचव्या आकड्यालाच झटकन काढला. तुझा हात चुकीच्या जागी लागतोय, गेणू म्हणाला. तो मागे आला, आपला तळहात टाकीवर टेकवला, तिला शेजारी टेकवायला सांगितला आणि मोजू लागला.

तिला जमेपर्यंत तो तिथेच थांबला.